आग कोणाच्या हातातली?

मित्रहो, रे ब्रॅडबरींच्या ‘फॅरनहाइट ४५१’वर बोलायला सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. १९५३ सालच्या या कादंबरीवर माझा जीव आहे आणि तिच्याशी माझं भांडणही आहे. नागपुरात बसून ती वाचली की ते भांडण जास्तच वाढतं.

कथा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. भविष्यातल्या अमेरिकेत फायरमन आग विझवत नाहीत, लपवलेली पुस्तकं शोधून जाळतात. माँटॅग हा त्यांच्यातलाच एक. एका घरातली बाई पुस्तकं सोडून बाहेर यायला नकार देते, स्वतःच काडी ओढते आणि पुस्तकांसोबत जळते. त्यानंतर माँटॅगला झोप लागत नाही. पण मला त्याहून हलवून टाकते ती त्याची बायको, मिल्ड्रेड. तिच्या कानात सतत कुणीतरी बोलत असतं. बैठकीच्या तीन भिंती म्हणजे तीन पडदे, त्यावरची माणसं हेच तिचं कुटुंब, आणि चौथी भिंत कधी घ्यायची म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागलेली. एका रात्री ती झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली संपवते. दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काहीच आठवत नाही. टीव्ही नुकताच घराघरांत शिरत होता तेव्हा ब्रॅडबरींनी हे लिहिलं. त्यांच्या नजरेला माझा नमस्कार.

भांडण सुरू होतं ते फायरमनचा कप्तान बीटीपाशी. तो म्हणतो, हे वरून, सरकारकडून आलेलंच नाही. लोकांनीच वाचणं सोडलं, आणि लहानमोठ्या प्रत्येक गटाला कुठलं ना कुठलं पान खुपलं, म्हणून सगळीच पानं गेली. बीटी खलनायक आहे, पण १९७९ साली कादंबरीला जोडलेल्या टिपणात स्वतः ब्रॅडबरीही जवळजवळ हेच म्हणतात. त्यांचा रागही समजण्यासारखा आहे, कारण त्यांच्याच कादंबरीत प्रकाशकाने शाळकरी मुलांच्या आवृत्तीसाठी गुपचूप काटछाट केली होती. तरीही सगळे गट एका मापाने मोजणं मला पटत नाही.

आपल्याकडचंच बघा. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वाद पेटला, ते काढा अशी मागणी झाली आणि सरकार झुकलं. मग दलित समाज रस्त्यावर उतरला. १९८८ मध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिलं, शासन या मतांशी सहमत नाही, एवढी टीप तेवढी जोडली गेली. इथे एका गटाला पान खुपलं, आणि दुसऱ्याने तेच पान वाचवलं. बीटीच्या हिशेबात हा दुसरा गट कुठेच नाही.

आणि २५ डिसेंबर १९२७ चं महाड? तिथे मनुस्मृती जाळली गेली. ती जाळणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती. तो ग्रंथ जगातून नाहीसा होण्याची भीतीही कुणाला नव्हती. ज्या नियमांनी त्यांना पाणी आणि अक्षर दोन्ही नाकारलं, ते नियम आम्ही मानत नाही, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. माँटॅगच्या रॉकेलशी या आगीचं काही नातं नाही, पण कादंबरी वाचून बंद करणाऱ्याला दोन्ही आगी सारख्याच वाटू शकतात. याची मला काळजी वाटते.

शेवटही असाच. रुळांच्या कडेला काही पुरुष बसले आहेत. कुणाला प्लेटो पाठ, कुणाला मार्कस ऑरेलियस. लढाई संपेल, पुन्हा छपाई होईल, तोवर डोक्यात जपायचं. सुंदर कल्पना आहे. पण पाठांतराने ज्ञान टिकतं तसं कोंडलंही जातं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? शतकानुशतकं वेद तोंडपाठ होते, आणि ते शूद्रांच्या व स्त्रियांच्या कानी पडू नयेत याचीही चोख व्यवस्था होती. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडूनही तरली असं आपण म्हणतो, ती मात्र वाटेल त्याच्या ओठांवर होती म्हणून. ब्रॅडबरींच्या त्या शेकोटीभोवती एकही बाई नाही, हे मला दर वाचनात टोचतं.

मग या कादंबरीवर जीव का? म्हाताऱ्या प्रोफेसर फेबरसाठी. तो म्हणतो, तीन गोष्टी हव्यात: कसदार मजकूर, तो पचवायला निवांत वेळ, आणि त्यातून जे उमगलं तसं वागण्याची मोकळीक. दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. एरवी पुस्तकांच्या दुकानाची पायरी न चढणारी माणसं गावोगावहून येतात, स्टॉलवर उभं राहून पानं चाळतात, पिशव्या भरून पुस्तकं नेतात. १९५६ मध्ये याच शहरात लाखो लोकांनी फेबरची ती तिसरी गोष्ट करून दाखवली. ब्रॅडबरींनी मात्र हे सगळ्यात मोलाचं बोलणं ज्याच्या तोंडी घातलं, त्या फेबरला शेवटी सेंट लुईसच्या बसमध्ये बसवून कथेबाहेर पाठवलं. माझी खरी तक्रार तिथे आहे.