गरोदरपणातील डोकेदुखी: कॅज्युअल्टीत आधी काय पाहावे

नमस्कार. आठव्या महिन्यातील एक स्त्री रात्री कॅज्युअल्टीत येते, तळहाताने कपाळ दाबून धरते आणि "पित्त झालं असेल" असे स्वतःच सांगते. पुष्कळदा ती अर्धशिशी निघते, हे खरे आहे. तरीही विसाव्या आठवड्यानंतरची डोकेदुखी, दुसरे कारण ठरेपर्यंत, प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांनाही धोका होणाऱ्या आजाराची) समजूनच तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आधी रक्तदाब, आणि तो नीट. तिला कुशीवर झोपवून वरच्या दंडाला कफ (रक्तदाब यंत्राचा पट्टा) लावला, तर तो दंड हृदयाच्या पातळीच्या वर राहतो आणि आकडा खोटाच कमी येतो. तिला पाठ टेकवून बसवावे, ब्लाउजची बाही मोकळी करावी, दंडाच्या मापाचा कफ घ्यावा. 140/90 किंवा अधिक आकडा आला, तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, उजव्या बरगडीखाली दुखते का, हे विचारावे आणि रक्त तपासणीला पाठवावे. लघवीत प्रथिने नाहीत, एवढ्यावरून आजार नाही असे होत नाही. 160/110 चा आकडा पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर रक्तदाब उतरवणारे लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन तासाभराच्या आत सुरू व्हायला हवे, आणि झटके (फिट) टाळणारे मॅग्नेशियम सल्फेट देण्यासाठी झटका येण्याची वाट पाहू नये.

रक्तदाब ठीक असेल, तर दुखणे कसे सुरू झाले हे तिच्याच शब्दांत ऐकावे. क्षणात असह्य झालेली डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. दिवसागणिक वाढणारी, उलट्या, झटका किंवा हातापायातील अशक्तपणा यांसह येणारी डोकेदुखी मेंदूतील शिरेत गुठळी झाल्याची शंका निर्माण करते. अशा वेळी पोटातल्या बाळाच्या काळजीने सीटी स्कॅन लांबवला जातो, याचे मला फार वाईट वाटते. डोक्याच्या सीटीत बाळापर्यंत 0.01 मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) कमी किरणोत्सर्ग पोहोचतो, तर अपायाची चिंता साधारण 50 मिलिग्रेच्या पुढे सुरू होते.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे; विसाव्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेन टाळावे आणि अर्धशिशीवरचे अर्गोटामिन कधीच देऊ नये. गोळीने बरे वाटले, म्हणून तपासणी मात्र थांबवू नये.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही यातच धरावेत. कमरेत भूल दिलेली असेल, तर बसल्यावर वाढणारे आणि आडवे होताच कमी होणारे दुखणे त्या सुईचे असू शकते. पण कानाला स्कार्फ घट्ट बांधून आलेल्या बाळंतिणीच्या सोबतचे "वारा लागला" म्हणत असतील, तेव्हाही कफ आधी तिच्या दंडाला लागला पाहिजे.