इंजिन कसं बंद पडलं?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते बोटीच्या जुन्या डिझेल इंजिनाबद्दल. जुनं म्हणजे ज्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत, सगळं काही पाना आणि हात यांच्या आवाक्यातलं. असं इंजिन पाण्यावर मध्येच बंद पडलं, तर बहुतेक वेळा दोष इंधनात सापडतो किंवा विजेत. आणि कुणीही माझ्याकडे असं इंजिन घेऊन आलं, की मी पहिला प्रश्न एकच विचारतो. इंजिन कसं बंद पडलं? कधी आणि कुठे, हे नंतर. आधी कसं, ते सांगा.

धापा टाकत, वेग खाली-वर होत, गचके देत बंद पडलं? की कुणी किल्ली फिरवावी तसं खटकन बंद झालं?

हा फरक कानात साठवून ठेवा. डिझेल कमी पडू लागलं, नळीत हवा शिरली, फिल्टर तुंबला, तर इंजिन धडपडतं. शेवटचे घोट पीत पीत थांबतं. वीज तुटली तर धडपड नाही. खटकन थांबतं. पुन्हा सांगतो: धडपडत थांबलं तर आधी इंधन बघा, खटकन थांबलं तर आधी वीज.

आता तुम्ही म्हणाल, डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं, मग चालू इंजिनाला वीज कशाला हवी? बरोबर आहे. पण पुष्कळ जुन्या इंजिनांच्या इंजेक्शन पंपावर विजेची एक छोटी झडप असते. सोलेनॉइड म्हणतात तिला. काही इंजिनांत ती वीज मिळाली की डिझेल बंद करते, काहींत वीज असेपर्यंतच डिझेल सोडते. ही दुसऱ्या जातीची झडप असेल, तर तिची वीज क्षणभर गेली तरी इंजिन थांबतं. टाकी भरलेली असली तरी.

याच झडपेची एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट माझ्या मामाच्या बोटीची.

मामाची बोट लाकडी, इंजिन तीन सिलिंडरचं, माझ्यापेक्षा वयानं थोडंच लहान. एका हंगामात त्याला खोड लागली. धक्का सोडला की वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडायचं. दहा मिनिटं थांबलं की पहिल्याच सेल्फला सुरू. परत वीस-पंचवीस मिनिटांनी बंद. मामानं दोन्ही फिल्टर बदलले. पुढच्या फेरीला तेच. मग आम्ही दोघांनी टाकी रिकामी केली, आत हात घालून फडक्यानं पुसली. नळ्यांच्या जोडांवरचे तांब्याचे वॉशर नवे टाकले. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला पाठवले, ते उत्तम असल्याचं कळलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर धक्क्याला बांधलेल्या बोटीत तासभर इंजिन चालवून बघायचो. एकदाही बंद पडलं नाही. आणि बाहेर पडलो की बंद.

इथे दोन खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या आणि आम्हाला त्या दिसल्या नाहीत. पहिली ही, की पंपानं हवा घेतलेलं इंजिन बहुधा असं पहिल्या सेल्फला सुरू होत नाही. आधी हवा काढावी लागते. आमचं मात्र दर वेळी लगेच सुरू व्हायचं. दुसरी ही, की बंद पडताना ते एकदाही धडपडलं नव्हतं. पण सेल्फ जोरात फिरत होता, दिवे लख्ख होते, म्हणून वीज ठीक आहे असं आम्ही धरून चाललो आणि डिझेलच्याच मागे लागलो.

एक दिवस मामी बरोबर आली. ती मागच्या बाजूला बसलेली. इंजिन बंद पडलं तशी म्हणाली, "अरे, बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुटली आणि लगेच बंद पडलं." मामा म्हणाला, "तो तळातलं पाणी उपसणारा पंप आहे. त्याचा इंजिनाशी काय संबंध?" मामी म्हणाली, "संबंध मला माहीत नाही. मागच्या खेपेलाही आधी धार सुटली, मग बंद पडलं. मी बघितलंय."

धक्क्याला परत आलो. मी मीटर घेतला, इंजिन चालू ठेवलं आणि मीटरची दोन टोकं त्या झडपेच्या दोन टोकांवर धरली. तेरा व्होल्टच्या आसपास. मग तळातल्या पंपाचा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा खटका, हातानं वर उचलला. पंप घरघरला, मीटरवरचा आकडा सहाच्या खाली कोसळला आणि इंजिन खटकन थांबलं. मामा वरून ओरडला, "काय केलंस?" मी फ्लोट सोडला. मामानं किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला सुरू. फ्लोट पुन्हा उचलला. बंद. तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मामा खाली येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि फ्लोट त्यानं स्वतः उचलून बघितला.

आता शोधायचं होतं, वीज जाते कुठे. मीटरचं एक टोक झडपेच्या परतीच्या तारेवर आणि दुसरं इंजिनाच्या अंगावर धरलं. या दोघांत जवळजवळ शून्य दिसायला हवं. फ्लोट उचलल्यावर दिसले सात व्होल्टच्या वर. म्हणजे दोष परतीच्या वाटेत, अर्थिंगमध्ये. ती तार हातानं चाचपत गेलो. पॅनेलच्या मागच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा एक गठ्ठा हाताला लागला. पट्टी सोलली तर आतून हिरवी भुकटी गळली. तांब्याचे पदर कुजून तुटलेले, चारच पदर शाबूत. झडप आणि पंप दोघांचीही परतीची वीज त्या चार पदरांवरून जात होती. एकट्या झडपेला ते पुरत होते. पंप सुरू झाला की पुरत नव्हते.

मग सगळं उलगडलं. वीस-पंचवीस मिनिटं का? पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बुचातून, थेंब थेंब पाणी तळात येतं, फ्लोट उचलायला तेवढा वेळ लागतो. धक्क्याला का नाही? तिथे गिअर टाकलेला नसतो, शाफ्ट फिरत नाही, पाणी जवळजवळ येतच नाही. दहा मिनिटांनी लगेच सुरू का? तोवर पंपाचं काम उरकलेलं, फ्लोट खाली. आणि सेल्फ जोरात का? त्याची जाड केबल वेगळी, ती या जोडावरून जातच नव्हती.

दुरुस्ती दहा मिनिटांची. कुजलेली तार कापून टाकली, कल्हईच्या तांब्याची नवी तार घेतली, तिच्या टोकाला नवा लग, म्हणजे जोडायची धातूची कडी, दाबून बसवला, वर गरम करून आकसणारी नळी चढवली. संध्याकाळी मामी परत मागेच बसली होती. धार सुटली, इंजिन चालत राहिलं.

जाता जाता चिकटपट्टीबद्दल बोलतोच. बोटीत तारेच्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळू नये. ती खारं पाणी बाहेर ठेवत नाही, आत कोंडून ठेवते. आणि वर झाकलेलं असल्यामुळे कुजणं दिसत नाही. तसंच, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून ती कशाची हे लिहावं, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या विजेच्या पेटीतसुद्धा लिहावं. लोक फोटोंचे अल्बम नीट लावतात, फ्यूजवर मात्र दोन अक्षरं लिहीत नाहीत. आणि घरातल्या मुलांना, मुलींना मीटर धरायला शिकवा. दहा वर्षांचं मूल बॅटरीचं व्होल्टेज सहज मोजतं.

असो. वेळ थोडा आहे, तेव्हा बाकीचं भराभर.

वीज मोजायची ती काम चालू असताना मोजा. चार पदरांची तारसुद्धा नुसती मोजली तर बारा व्होल्ट दाखवते. भार पडला की उघडी पडते. चांगली बॅटरी, चार्जिंग थांबून काही तास झाल्यावर, 12.6 व्होल्टच्या आसपास असते. 12.2 म्हणजे अर्धी संपली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय. सेल्फला 200 अँपिअर लागत असतील आणि जोडात एक ओहमचा शंभरावा भाग अडथळा असेल, तर दोन व्होल्ट तिथेच जातात. मग सेल्फ मंद फिरतो, हवा पुरेशी तापत नाही, डिझेल पेटत नाही, आणि आपण नोझल काढत बसतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नका. अल्टरनेटरचे डायोड जळतात.

आता इंधन. धडपडत थांबलं असेल तर पहिलं काम, टाकीचं झाकण उघडा. हवा सूं करून आत ओढली गेली तर टाकीची श्वासनळी तुंबलीय. त्या बारीक नळीत माश्या घर करतात, मीठ साठतं. मग सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या, तळाचा नळ सोडून काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या. पाणी जड, ते खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळा बुळबुळीत थर दिसला तर डिझेलमध्ये जंतू वाढलेत, टाकी साफ करावी लागेल. हवा कुठून शिरते हे शोधताना लक्षात ठेवा, टाकी ते पंप या भागात डिझेल थेंबांनी गळेलच असं नाही, कारण तिथे ओढ आतल्या बाजूला असते. तात्पुरती पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसतील.

हवा काढताना लिफ्ट पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, हातदांडा ढिला लागतो, काहीच ओढत नाही, असं झालं तर पंप बिघडला असं समजू नका. आतला कॅम वर आलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा आणि परत दांडा मारा. हवा सोडायला फिल्टरवरचा स्क्रू आधी ढिला करा, इंजेक्शन पंपावरचा नंतर, नोझलकडचे नट शेवटी. नोझलच्या धारेसमोर हात धरू नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो, आणि तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठा.

आणि शेवटचं, हे दोनदा सांगतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहायचा असेल, तर इंजिन गार करायला समुद्राचं पाणी आत घेणारी झडप आधी बंद करा. सेल्फवर पाण्याचा पंप फिरत राहतो, पण पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. ते सायलेन्सरमध्ये साठतं, मागे फिरतं आणि सिलिंडरमध्ये शिरतं. सेल्फ मारत राहायचा, तर झडप बंद. इंजिन सुरू झालं, की त्याच क्षणी झडप उघडा.

नमस्कार.