नाइस : अडाण्यापासून छानपर्यंत

(पडद्यावर कोरा कागद, त्यावर एकच शब्द : नाइस)

फोटो आवडला? नाइस. भाषण कसं झालं? नाइस. नवे शेजारी? तेही नाइस. पण सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कुणाला हा शब्द लावला असता, तर तो रागावला असता. तेव्हा त्याचा अर्थ होता, मूर्ख.

(शब्दाची फोड होते)

मूळ लॅटिन शब्द 'नेस्कियुस'. त्यातला 'ने' नकाराचा; आपल्या 'नाही', 'नको'मधला 'न' त्याच्याच घराण्यातला. पुढचा 'स्कीरे' म्हणजे जाणणं. नेस्कियुस म्हणजे न जाणणारा, अडाणी. आणि याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' आला! 'सायन्स' आणि 'नाइस' एकाच कुळातले, हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसलो होतो.

फ्रान्समधल्या नीस शहराचं स्पेलिंग अगदी हेच, पण नातं काही नाही. ते नाव विजयाच्या ग्रीक शब्दावरून आलं.

जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १३००च्या सुमारास इंग्रजीत आला, आणि मग त्याचे अर्थ सरकत गेले. मूर्ख, मग बुजरा, मग नखरेल, चोखंदळ. जो चोखंदळ, तो बारीकसारीक फरकही हेरतो. म्हणून सोळाव्या शतकात 'नाइस' म्हणजे काटेकोर, सूक्ष्म. त्या काळातलं लिखाण वाचताना नेमका कुठला अर्थ घ्यावा, याबद्दल अभ्यासकही अडखळतात. 'छान' हा अर्थ आला थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

(जुन्या पुस्तकाचं पान उलटतं)

तो इतका पसरला की जेन ऑस्टिनला त्याची दखल घ्यावी लागली. तिच्या मृत्यूनंतर, १८१७च्या डिसेंबरात आलेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी नायिकेची याच शब्दावरून थट्टा करतो : दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस! पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा, नजाकत सांगायचा, आता एकाच शब्दात सगळ्याचं कौतुक, असं त्याचं म्हणणं. टिल्नीची तक्रार मला पटते. तरी 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद, हा जुना अर्थ इंग्रजीत अजून जिवंत आहे.

मूर्खाचा छान कसा झाला, याचं नवल वाटत असेल तर आपला 'मुग्ध' शब्द घ्या. संस्कृतातल्या 'मुह्' या धातूपासून 'मूढ' झाला आणि 'मुग्ध'ही झाला. मुग्ध म्हणजे आधी भांबावलेला, अजाण. मग भोळा, निरागस. आणि पुढे मोहक.

(झोपेतून उठलेलं बाळ कॅमेऱ्याकडे बघून हसतं)

या हसण्याला आपण मुग्धच म्हणतो.