मनगट खरंच धरून पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची बारावीला होती. संध्याकाळी परभणीच्या बसस्टँडवर गावाकडच्या गाडीची वाट पाहत उभी होती. एका माणसानं येऊन तिचं मनगट धरलं. पोरगी तीन वर्षं कराटेच्या क्लासला गेलेली, ब्राऊन बेल्ट मिळवलेली, घरात काताची दोन पदकं. काता म्हणजे समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. ती जागच्या जागी थिजली. तोंडातून आवाजच फुटेना. शेजारच्या फळवाल्या मावशींनी आरडाओरडा केला, तेव्हा तो पळाला. रात्री लेकरू मला म्हणालं, "मावशी, क्लासमध्ये मला असं कुणी कधी धरलंच नव्हतं गं."

मी बावीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. पालक विचारायचे, "बाई, पोरीला कराटे लावू का तायक्वांदो?" आणि मीही पटकन एखादं नाव सांगून मोकळी व्हायचे. त्या रात्रीपासून मी नाव सांगत नाही. क्लासला जाऊन एक तास बसा आणि एवढंच बघा, असं सांगते : समोरचा जोडीदार खरा विरोध करतोय का? मनगट धरलंय, ते तो सोडायला तयार नाही आणि हिला स्वतःच्या ताकदीनं, युक्तीनं सुटायचंय, असं रोज थोडा वेळ तरी होतं का?

याचं महत्त्व जपानमध्ये जिगोरो कानो यांनी ओळखलं होतं. 1882 मध्ये त्यांनी ज्युदो सुरू केला. जुजुत्सू या जपानच्या जुन्या युद्धकलेत हाडं मोडणारे, जीव घेणारे डाव होते. पण ते जोडीदारावर पूर्ण जोरानं करणार कसे? म्हणून सरावातून त्यांनी घातक डाव बाजूला काढले आणि उरलेले पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर घटवून घेतले. या मोकळ्या झटापटीला रांदोरी म्हणतात. म्हणून कुणी सर म्हणाले, "आमचे डाव इतके भयंकर आहेत की त्यांचा सराव करताच येत नाही," तर तिथं फी भरू नका. ज्याचा सराव होत नाही तो डाव ऐन वेळी हाताला येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. लातूर जिल्ह्यानं हरिश्चंद्र बिराजदारांसारखा रुस्तम-ए-हिंद किताबाचा पैलवान दिला. तालमीत वस्ताद पट्ठ्याला डाव नुसता दाखवून सोडत नाहीत, तांबड्या मातीत दुसऱ्या पट्ठ्याशी रोज कुस्ती धरायला लावतात. 2004 पासून ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती आहे. जवळच्या तालमीत मुलींना घेत असतील तर तो रस्ता सोडू नका. आणि कबड्डी! चढाईला गेलेल्या पोरीचा पाय चौघींनी पकडलाय आणि ती ओढत ओढत रेषेकडे निघालीय, हे मी मैदानावर रोज बघते. पकडीतून सुटायचा तिचा सराव अनेक बेल्टवाल्यांपेक्षा खरा असतो.

कराटेला मी नावं ठेवत नाही. जिथं नियमित कुमिते होते, म्हणजे समोरासमोर लढत होते, तिथलं कराटे उत्तम. बॉक्सिंगही तसंच. ठोसा चुकवायचा कसा आणि लागला तर डोकं शांत कसं ठेवायचं, हे ठोसे खाल्ल्याशिवाय येत नाही.

चाकूबद्दल जरा थांबून बोलते, कारण इथं जीव जाऊ शकतो. शिबिरात सर एका झटक्यात चाकू काढून घेतात आणि टाळ्या पडतात. घरी करून पाहा. एकाच्या हातात खडू द्या, दुसऱ्याला गडद सदरा घाला आणि खडूवाल्याला सांगा, भराभर वार कर, थांबू नको. मग सदऱ्यावरचे पांढरे ओरखडे मोजा. चाकू दिसला तर पाकीट, मोबाईल देऊन टाकावा आणि पळावं. हे स्पष्ट सांगणारे सर मला जास्त विश्वासाचे वाटतात.

आता अवघड गोष्ट. बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे गुन्ह्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे सांगतात. शेजारी, नातेवाईक, कधी शिकवणारासुद्धा. तिथं लाथेच्या आधी आवाज लागतो. "हात काढा" हे मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून, मोठ्यानं म्हणता यायला हवं. आपण पोरींना लहानपणापासून हळू बोल म्हणून शिकवलंय, त्यामुळे ओरडण्याचाही सराव लागतो. क्लासमध्ये तो होतो का, हे विचारा.

सरांनाही पारखा. पालकांना बसून बघू देतात का? पकड शिकवताना मुलीला आधी विचारतात का? तिनं जोडीदाराला थाप मारून थांब म्हटलं की सराव तिथंच थांबतो का? एकटीला जादा तासाला बोलावणं, दार लावून शिकवणं असलं काही दिसलं तर त्या दिवशीच क्लास बंद करा.

कायदाही माहीत असू द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. अंगावर धोका येतोय अशी रास्त भीती वाटली की हा हक्क सुरू होतो, पहिला फटका खायची गरज नाही. पण बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. तो पळाला, की मागे लागून मारणं हा बचाव राहत नाही. सुटलात की माणसांत जा आणि 112 लावा.

भाची आता ज्युदोला जाते. पहिले काही आठवडे नुसतं पडायलाच शिकत होती, तेव्हा तिची आई वैतागली होती. नंतर खडीवर स्कूटी घसरली, तेव्हा पोरगी हनुवटी छातीशी घेऊन पडली आणि कोपराच्या खरचटण्यावर भागलं. आईची तक्रार बंद झाली.

परवा ती घरी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "घट्ट धर मावशी. अगदी खरं धर." मी दोन्ही हातांनी धरलं. माझ्या अंगठ्यांच्या बाजूनं तिनं झटका दिला, पहिल्यांदा सुटला नाही, दुसऱ्यांदा सुटला. पण त्याआधी ती "सोडा!" म्हणून अशी ओरडली, की समोरच्या वहिनी लाटणं घेऊनच दारात आल्या.