लॅबव्ह्यू की पायथन? आधी टर्मिनेशन बघा

नमस्कार मंडळी! रत्नागिरीत धो धो पाऊस लागलाय, मागे पत्र्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. कमेंटमध्ये परत तोच प्रश्न, दादा, मल्टीमीटर कॉम्प्युटरला जोडायचाय, लॅबव्ह्यू शिकू की पायथन?

जे येतं ते घ्या. लॅबव्ह्यू, म्हणजे चित्रं जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, १९८६ पासून आहे, घरगुती वापराला कम्युनिटी एडिशन फुकट. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर मीटरशी बोलायची पायव्हिसा लायब्ररी टाका. कॉलेजात मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा उपकरणं जोडायचा भाग, इन्स्ट्रुमेंट कंट्रोल टूलबॉक्स, आहे का तेवढं विचारा. या सगळ्यांच्या खाली बहुतेक ठिकाणी व्हिसाच, म्हणजे उपकरणांशी बोलायचं सामायिक सॉफ्टवेअर, असतं आणि कमांड १९९० साली आलेल्या एससीपीआय या ठरलेल्या कमांड-भाषेच्या, त्यामुळे कोड कशात लिहिलाय हे मीटरला कळतच नाही, त्याच्याकडे नुसती अक्षरं पोचतात.

आता माझा जीव जिथे तुटतो ते सांगतो, टर्मिनेशन कॅरेक्टर, म्हणजे मेसेज संपला हे सांगणारं शेवटचं अक्षर. सिरियल केबलवरून तुम्ही 'स्टार आयडीएन क्वेश्चन मार्क' (*IDN?, म्हणजे तुझं नाव सांग) पाठवलंत, पण शेवटी लाइन फीड (नवी ओळ सांगणारं न दिसणारं अक्षर) नाही पाठवलात, तर कमांड संपली हे मीटरला कळणार कसं? तो वाट बघतो, तुमचा प्रोग्राम पण वाट बघतो, आणि पायव्हिसात डिफॉल्ट २ सेकंद झाले की टाइमआउट, म्हणजे वाट बघणं सोडून एरर. लोटे एमआयडीसीतल्या एका मित्राने याच्यासाठी तीन सॉफ्टवेअर बदलली, तिन्हीकडे टाइमआउट! मॅन्युअल उघडलं, सेटिंग बदललं, मीटरने लगेच नाव सांगितलं.

उलट बाजू पण बघा. मीटर कॅरेज रिटर्न (तसंच आणखी एक न दिसणारं अक्षर) आणि लाइन फीड दोन्ही पाठवतोय आणि तुम्ही फक्त कॅरेज रिटर्नपर्यंत वाचताय, तर तो लाइन फीड मागे उरतो आणि पुढच्या रीडिंगच्या तोंडाला चिकटून येतो. मग कमेंट येते, पहिलं रीडिंग बरोबर, दुसऱ्यापासून गडबड.

एका ताईंनी विचारलंय, यूएसबीवर चालतं मग सिरियलवर का नाही? अहो, यूएसबीटीएमसीत, म्हणजे यूएसबीवरून मोजमापाच्या उपकरणांशी बोलायच्या पद्धतीत, मेसेज संपल्याची खूण प्रोटोकॉलमध्येच असते, जीपीआयबी या उपकरणं जोडायच्या जुन्या केबलला त्यासाठी ईओआय नावाची वेगळी तारच आहे. सिरियलला असं काहीच नाही, तिथे शेवट तुम्हीच सांगायचा. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा, कळकळीने सांगतोय.

आणि आपल्याकडे खाऱ्या हवेने सिरियलच्या नऊ पिनच्या कनेक्टरवर हिरवी पुटं चढतात, तीही एकदा बघून घ्या. लाइटचा भरवसा नसतोच, तेव्हा रात्रभर लॉगिंग लावणार असाल तर प्रत्येक रीडिंग आलं की लगेच फाइलमध्ये लिहा, शेवटी एकदम सेव्ह करायला ठेवू नका.

आता कमेंट करताना मीटरचं मॉडेल, केबल कुठली, बॉड रेट (सिरियलचा वेग) आणि टर्मिनेशन काय ठेवलंय एवढं लिहा, नुसतं 'चालत नाही' लिहिलंत तर मी सांगणार तरी काय?