थेंबाच्या आतले पाणी

पावसाळ्यात मुंबईतल्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहिलेल्या माणसाला केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांतून द्रवाचे आपोआप वर चढणे, शिकवावे लागत नाही. जमिनीलगत धरलेली ओल ऑगस्टपर्यंत कमरेइतकी वर येते, रंगाचे पोपडे सुटतात, आणि पाणी वर चढवायला तिथे कोणी पंप बसवलेला नसतो. आजचा विषय त्या भिंतीतल्या छिद्रांचा आहे.

छिद्रातले पाणी नळातल्या पाण्यासारखेच असते. बदलतो तो त्याच्यावर चालणाऱ्या बलांचा परस्परांतला हिशेब. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली आणि ती केव्हा सरळ राहते व केव्हा विस्कटते हे १८८३ साली मांडले. वेग, नळीची रुंदी आणि घनता यांचा गुणाकार श्यानतेने, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाने, भागला की त्यांच्या नावाचा अंक मिळतो. एक सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यासाठी तो सुमारे १०,००० येतो, आणि तिथे भोवरे उठतात. शंभर मायक्रोमीटरच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या, नलिकेतून सेकंदाला एक मिलिमीटर सरकणाऱ्या पाण्यासाठी तोच अंक ०.१ इतका उरतो. तिथे जडत्व जवळपास नाममात्र असते आणि श्यानतेचे राज्य चालते.

भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ मध्ये एका व्याख्यानातच हे फार मार्मिकपणे दाखवले होते. दोन मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू सेकंदाला तीसएक मायक्रोमीटर पोहतो, पण त्याने शेपटी फिरवणे थांबवले, तर तो अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात जागच्या जागी थांबतो. आपण विहिरीत सूर मारून हातपाय न हलवता थोडे पुढे जातो. ती चैन त्याच्या नशिबी नाही.

याचा एक परिणाम प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला सुरुवातीला चक्रावून टाकतो. एका सूक्ष्म नलिकेत लाल आणि निळे पाणी शेजारी शेजारी सोडले, तर ते अप आणि डाऊनच्या रुळांसारखे आपापल्या बाजूने जात राहते. ढवळणारा भोवराच नसल्यामुळे मिसळण्याचे सगळे काम रेणूंच्या विसरणावर, म्हणजे त्यांच्या आपोआप पसरण्यावर, पडते. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. लहान रेणूला पाण्यात एक सेंटिमीटर पसरायला ढोबळमानाने चौदा तास लागतात, शंभर मायक्रोमीटरला मात्र पाच सेकंद पुरतात. म्हणून नलिका पुरेशी अरुंद ठेवली, की भोवऱ्यांवाचूनही काम भागते. घाई असेल तर तळाला तिरप्या खाचा पाडून प्रवाहाला पीळ द्यावा लागतो.

अरुंदपणाची किंमतही मोजावी लागते. व्यास निम्मा केला, तर तेवढाच द्रव तेवढ्याच वेळात ढकलायला सोळापट दाब लागतो. त्यात हवेचा एखादा बुडबुडा अडकला, तर तो काढता काढता नाकी नऊ येतात, हे मी अनुभवाने सांगतो; पाठ्यपुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत.

दाबाच्या या अडचणीवरचा सुंदर उपाय म्हणजे भिंतीतली ओल. मलेरियाची झटपट चाचणी आठवा. बोटाला टोचून घेतलेला काही मायक्रोलिटर रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवतात, वर द्रावणाचे थेंब सोडतात आणि नंतर कोणी काही ढकलत नाही. वाटेत वाळवून ठेवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण प्रतिपिंडांसह, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंसह, ओले होऊन निघतात; हे कण लाल दिसतात. नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र, कागदासारख्या पट्टीतून द्रव पुढे झिरपतो, आणि रक्तात परजीवीचे प्रथिन असेल, तर ते कणांवरच्या आणि आडव्या रेघेवरच्या प्रतिपिंडांच्या मध्ये अडकून कणांना तिथेच रोखते. ‘टी’ची, म्हणजे टेस्टची, ही रेघ लाल होते. शेवटी शोषक कागद उरलेला द्रव पीत राहतो. पंप तो, आणि गाळाची टाकीही तोच.

‘टी’च्या पुढची ‘सी’ची, म्हणजे कंट्रोलची, रेघ रोगाविषयी काहीच सांगत नाही. द्रव तिथवर पोहोचला आणि कण कामाचे आहेत, एवढेच ती सांगते. ती उमटली नाही, तर ‘टी’ कोरी असो वा लाल, ती पट्टी बाजूला ठेवून दुसरी उघडायची.