पाठीतलं पाणी आणि मेंदूच्या तापाचं कारण

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात वंदना टॉकीजच्या भागात पाणी तुंबलं, की पाठोपाठ लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचं नाव निघतं. ताप घेऊन जा, इथले डॉक्टर आधी विचारतात, साचलेल्या पाण्यातून चालला होतात का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र हा आजार क्वचितच दिसतो. तिथल्या एका 14 वर्षांच्या मुलाला वारंवार ताप येत होता. पुढे मेंदूला सूज आली, फिट्स येऊ लागल्या. मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी कारण सापडेना.

अखेर त्याच्या पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सॅन फ्रान्सिस्कोला डॉ. चार्ल्स च्यू यांच्या प्रयोगशाळेत गेलं. नेहमीच्या पीसीआर चाचणीत आधी संशयित ठरवावा लागतो. तिथे वापरलेल्या सीक्वेन्सिंग या चाचणीत मात्र पाठीतल्या पाण्यातले जनुकीय तुकडे सरसकट वाचतात. त्यातले बहुतेक रुग्णाचेच असतात. संगणक ते बाजूला काढतो आणि उरलेले ज्ञात जंतूंशी ताडून बघतो. इथे वाचले 30 लाखांहून जास्त तुकडे, आणि त्यात लेप्टोचे निघाले फक्त 475! उत्तर 48 तासांत हाती आलं. पेनिसिलिन सुरू झालं आणि मुलगा बरा होऊन घरी गेला. ही हकिगत 2014 मध्ये प्रसिद्ध झाली.

ही चाचणी सगळं पकडते, असं मात्र समजू नका. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 204 रुग्ण होते. त्यांच्यात 58 संसर्ग सापडले. 13 केवळ सीक्वेन्सिंगने कळले, तर 26 त्यातून निसटले. खर्चही मोठा. म्हणून नेहमीच्या तपासण्या हव्यातच, आणि आपल्याकडे जपानी मेंदूज्वर, स्क्रब टायफस, टीबी, चांदीपुरा विषाणू यांचा विचार आधी व्हायलाच हवा.

पण यातली कुठलीही वाट बहुतेकदा पाठीतल्या पाण्यावरूनच जाते, आणि नातेवाईक तिथेच अडतात. "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो," असं कोणीतरी सांगितलेलं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, या भीतीपायी नकार देऊ नका. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात. काही दिवस डोकं दुखू शकतं. सुई कधी टाळायची, हे डॉक्टर तपासून ठरवतात. संमतीच्या कागदावर सही करताना एवढं जरूर विचारा: यातलं थोडं पाणी पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवता येईल का?